विहिणींनी लाटलेला नमदा

सकाळी आठ वाजता त्या घराच्या बैठकीच्या खोलीत बैठकीला जागा म्हणून उरली नव्हती. सोफा दाराशी उभा केला होता, टेबलाचे पाय काढून ते पलंगाखाली सारलं होतं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बुडबुड्यांचं प्लास्टिक अंथरून त्यावर लोकर पसरली होती. निळी, करडी, तांबूस, मातकट. इतकी हलकी आणि फुललेली, की कुणी जोरात शिंकलं असतं तर चित्रातलं अर्धं आभाळ स्वयंपाकघरात गेलं असतं. म्हणून पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या आणि सगळे घामाघूम झाले होते. तरी कुणाची तक्रार नव्हती. घरात असा उत्साह संचारला होता की त्यापुढे घामाला कोण विचारतो.

घरात उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर नमदेवाली बसली होती. हातात लाकडी पट्टी, आणि पुढ्यात आठवा महिना सरत आलेलं पोट. वाकणं सोडाच, स्वतःच्या पायांची बोटं शेवटची कधी पाहिली तेही तिला आठवत नव्हतं. पण जीभ शाबूत होती आणि पट्टी लांब होती. त्या दोन्हींच्या जोरावर तिने सकाळपासून तीन माणसांना कामाला जुंपलं होतं.

नमदा विणायचा नसतो आणि शिवायचाही नसतो. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, कोमट साबणाचं पाणी शिंपडायचं, नळीवर गुंडाळी करायची आणि लाटत राहायचं. लोकरीचे केस एकमेकांत शिरतात, एकमेकांना घट्ट धरतात, आणि अख्खा पट आटत आटत जाड होतो. साडेचार वीत लोकर पसरावी तेव्हा कुठे तीन वीत नमदा हाती लागतो. हे गणित चुकलं की चित्रातली माणसं बुटकी तरी होतात नाहीतर लांबोडकी. दहा वर्षांत नमदेवालीचं गणित कधी चुकलं नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

आजचं काम साधं नव्हतं. शहरातल्या प्रसूतिगृहाच्या दालनात लावायला पट हवा होता, विषय कुटुंब. तिथल्या मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणून बसली होती. ती भिंत तिच्या चांगल्या ओळखीची होती. पहिल्या खेपेला, पाचव्या महिन्यात सगळं आटोपलं तेव्हा, घरी जायचे कागद तयार होईपर्यंत ती त्या भिंतीसमोरच्या बाकावर दीड तास बसली होती. भिंत कोरी होती. डोळे टेकवायला तिथे काहीच नव्हतं.

तर चित्रात होते आई, बाप आणि त्यांच्या हातांत बाळ. आई-बाप जमिनीवर लोकरीने मांडले होते, अजून नुसते पुंजके. बाळ मात्र तयार होतं. एक वीत उंचीचं, नारिंगी, टणक. ते तिने त्या पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात केलं होतं, हौसेने, संध्याकाळी गाणी ऐकत. आणि पुढे रिकाम्या हाताने घरी आल्यावर दोन दिवस ते गरम पाण्यात चोळत बसली होती, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. चोळून चोळून त्याची पार चपलेच्या तळव्यासारखी गत झाली. तेव्हापासून ते कपाटात स्वेटरांच्या मागे होतं. नवऱ्याला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

तिला ते या पटात हवं होतं. त्याच भिंतीवर. आणि अडचण अशी, की पक्का झालेला नमदा नव्या लोकरीला धरत नाही. त्याचे केस आधीच एकमेकांत गुंतलेले असतात, बाहेरच्याला हात द्यायला कुणी मोकळं नसतं. हे ती स्वतः शिकायला येणाऱ्या बायकांना घसा कोरडा करून सांगायची. तरी तिने आठवडाभर तारेच्या ब्रशने बाळाची पाठ खरवडून त्याचे केस उभे केले होते. दहापैकी दोन वेळा धरेल, असा तिचा अंदाज होता.

"दोन टाके घाल की मागून," नवरा कालच म्हणाला होता. तो प्लंबर. गळणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय असायचा.

"टाके उसवता येतात," ती म्हणाली. "मला ते त्यात धरलेलं हवंय. नाही धरलं तर पट जाणार नाही. मेट्रनबाईंना नाही म्हणून कळवीन."

आज सकाळी प्लंबर लाटायला म्हणून सांडपाण्याची कोरी करकरीत नळी घेऊन आला, सहा फुटी, आणि वर तिचे काठ कानशीने घासून गुळगुळीत केले.

उरल्या दोन विहिणी. मुलीची आई शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई. हिशेबाला पक्की आणि आवाजाला खणखणीत. मुलाच्या आईने तीस वर्षं लाँड्री चालवलेली. दंड असे, की ओली चादर पिळली की चादरीनेच शरण यावं. दोघींचं वाकडं अजिबात नव्हतं. उलट गेली सहा वर्षं दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागत होत्या, की बघणाऱ्याचे दात आंबावेत. तुम्ही बसा, छे छे, आधी तुम्ही, असं करता करता एकदा दोघींचीही बस चुकली होती.

"विहीणबाई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना," लाँड्रीवाल्या सासूबाई बाह्या वर करत म्हणाल्या.

"अहो, त्रास कसला? तीस वर्षं फळा पुसलाय मी. हात काही कमी चालले नाहीत माझे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनीही बाह्या वर केल्या.

पाणी शिंपडून, जाळी घालून, हाताने थोपटून झालं. शेवटी कपाटातलं बाळ आलं. नमदेवालीने ते मांडीवर घेतलं, पाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने पट्टीच्या इशाऱ्यावर ते बरोबर आई-बापांच्या मधे, त्यांच्या चार हातांच्या वर ठेवलं. कडांवर लोकरीचे चार-चार केस ओढले.

सासूबाईंनी वाकून बाळाला बोट लावलं आणि बोट तिथेच ठेवलं. कापड बोटाला काय सांगतं ते त्यांना तीस वर्षं कळत होतं.

"हे आधीच आटवलंय का गं?"

"थोडं," सून म्हणाली.

"थोडं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे काहीतरी विचारणार होत्या. पण तेवढ्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, "बाळ किती गोंडस झालंय." विहीण कौतुक करत असताना मधे शंका काढणं बरं दिसत नाही, म्हणून त्या गप्प बसल्या.

गुंडाळी बांधली. एका टोकाला एक विहीण, दुसऱ्या टोकाला दुसरी. नमदेवालीने हुकूम सोडला, चारशे वेळा लाटायचं, मग उलगडून आडवं फिरवायचं, मग पुन्हा चारशे, दर वेळी मला दाखवायचं. मास्तरीणबाईंनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नळी पुढे गेली, मागे आली. साबणाचं पाणी प्लास्टिकवर चुबुक चुबुक वाजत होतं आणि खोलीभर ओल्या मेंढीचा वास सुटला होता. नमदेवालीला तो वास जगात सगळ्यात जास्त आवडायचा. पोटातल्या पोराने पाय झाडायला सुरुवात केली. काम जोरात चाललं की ते नेहमीच असं करायचं, आणि ती त्याला मनातल्या मनात सांगत होती, थांब, तुझंही बघू.

पहिल्या चारशेला चित्राला ओठ-नाक आलं. दुसऱ्या चारशेला आभाळ धरलं. बाळ अजून सुटंच होतं. नखाने उचललं की कड वर यायची. जेवणं झाली. प्लंबरला फोन आला, कुणाच्या तरी माळ्यावरून धो धो पाणी पडत होतं. पिशवी उचलून तो पळाला. जाताना बायकोच्या कानाशी म्हणाला, "धरेल बघ." तो खोटं बोलला की त्याचा डावा कान लाल होतो. कान लाल होता.

"अजून दोनदा चारशे," नमदेवाली म्हणाली. "झाले की मला दाखवा. जास्त नको." एवढं बोलून तिने पाय समोरच्या उपड्या बादलीवर टेकवले आणि तिचा डोळा लागला.

पुढे जे झालं ते तिला नंतर दोघींकडून तुकड्यातुकड्याने कळलं, आणि दोघींच्या हकिगतींत फार फरक नव्हता. ते दोनदा चारशे झाले तेव्हा मास्तरीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती. आठ दिवसांत तिला धड झोप नव्हती. तिला उठवायला दोघींचाही जीव होईना.

"झोपू दे," सासूबाई कुजबुजल्या. "आपण तोवर चालू ठेवू. तुम्ही दमलात का?"

"छे. तुम्ही?"

"मी? मला कुठे दम लागायला."

झालं. आता आधी थांबायचं कुणी? मी दमले म्हणायची दोघींनाही सोय राहिली नाही. लाटत राहिल्या. दर चारशेला नळी आडवी करत, नियम पाळून. पाणी थंड झालं की किटलीतलं गरम ओतत. सातव्या चारशेला मास्तरीणबाईंनी मोजणं सोडलं, कारण सासूबाई आपल्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होत्या. लाँड्रीतच कळा सुरू झाल्या होत्या आणि गिऱ्हाइकाचा कोट इस्त्री करून दिल्याशिवाय त्या हलल्या नव्हत्या. मग मास्तरीणबाईंनी आपली सांगितली. तिसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावून त्या रिक्षात बसल्या होत्या आणि वर्ग त्यांच्या माघारी तासभर पाढे म्हणत होता. दोघी तोंड दाबून हसत होत्या आणि जितक्या हसत होत्या तितका नळीवर जोर पडत होता.

नमदेवाली जागी झाली ती त्या हसण्याने. घड्याळात साडेतीन. तिच्या समोर दोन ओल्याचिंब बायका गुडघ्यांवर बसून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होत्या. आणि त्यांच्या मधली गुंडाळी, जी तिने झोपताना दोन हात रुंद पाहिली होती, ती आता उशीएवढी होती.

"किती झाले?" तिने विचारलं.

शाळेत खोडी पकडली जावी तशी मास्तरीणबाईंची नजर जमिनीला खिळली.

"थोडे जास्त झाले असतील," सासूबाई म्हणाल्या.

"किती थोडे?"

"तू झोपलीस तेव्हापासून," आई म्हणाली, "आम्ही थांबलोच नाही."

खुर्चीच्या हाताला धरून नमदेवाली उठली, आणि कुणी नको नको म्हणायच्या आत जमिनीवर बसलीसुद्धा. परत उठायचं कसं ते नंतर बघू. "उलगडा," ती म्हणाली.

गाठी सुटल्या. गुंडाळी उघडली. पट निम्म्याहूनही खाली आला होता, कडा नागमोडी झाल्या होत्या, आणि जाडी अशी की तो आपल्या पायावर उभा राहिला असता. आई-बाप तीन वीत व्हायचे होते ते दोन वीत झाले होते. तिचं दहा वर्षांचं गणित पार पाण्यात गेलं होतं. पण ती गणिताकडे बघतच नव्हती. तिने बाळाच्या कडेखाली नख घातलं.

नख जाईना.

तिने दुसऱ्या बाजूने घातलं. डोक्यापाशी, पायापाशी. मग दोन बोटांनी कड चिमटीत धरून ओढली, आधी हळू, मग चांगली दात-ओठ खाऊन. बाळाबरोबर अख्खा पट वर आला, आभाळासकट आणि आई-बापांसकट. तिने तो हातात हलवला. काही सुटलं नाही. ठरल्याप्रमाणे लाटून हे झालंच नसतं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. त्याला या दोघींचा हा वेडेपणाच लागणार होता. तिला हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता ती आईच्या ओल्या खांद्याला धरून "धरलं, धरलं" एवढंच म्हणत राहिली.

दोघींना काय धरलं ते कळलं नाही, पण रागवारागवी टळली हे कळलं, आणि त्याही हसू लागल्या. तेवढ्यात दारातून प्लंबर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याने बायकोला जमिनीवर बघितलं आणि हातातली पिशवी टाकून धावला.

"बघ," ती म्हणाली. "ओढून बघ."

त्याने ओढून बघितलं. प्लंबरच्या हाताने ओढून बघितलं. मग तो तिथेच, साबणाच्या पाण्यात, तिच्या शेजारी बसला.

सासूबाईंनी मात्र पट दोन्ही हातांनी उचलून लांब धरला, जसा त्या धुऊन आलेला कपडा डागांसाठी बघत. "तरी मला सकाळीच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आटलं, बाळ काही आटलं नाही. बघा ना. हे आता तान्हं कुठे राहिलं?"

खरंच राहिलं नव्हतं. ते अजून एक वीतच होतं, पण भोवतालचे आई-बाप दोन वीत. भोवतीचा पट आवळला गेल्याने ते पोट पुढे काढून पटातून बाहेर आलं होतं. पाय आईच्या गुडघ्यापाशी पोचले होते, आणि ज्या चार हातांनी त्याला पेलायचं होतं ते आता त्याला जेमतेम अडवत होते.

"हे खाली उतरायला निघालंय," सासूबाई म्हणाल्या. "हट्ट करतात ना, खाली सोडा म्हणून. दोन वर्षांचं पोर आहे हे."

नमदेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. तो हिशेब त्या दोघांनी कधी एकमेकांना बोलून दाखवला नव्हता, आणि कधी चुकूही दिला नव्हता.

"याच महिन्यात," तो म्हणाला.

"काय याच महिन्यात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आई, ही आमची पहिली," नमदेवाली म्हणाली. "हे मी तेव्हा केलं होतं. ती असती तर या महिन्यात दोन वर्षांची झाली असती."

त्या घरात आई म्हटलं की दोघी वळायच्या. दोघी वळल्या. सासूबाईंनी पट हळूच खाली ठेवला, पालथा पडणार नाही असा. मास्तरीणबाईंनी दिवसभर मोजलेले सगळे आकडे जणू विसरून हात मांडीवर ठेवले.

"मी तुला तेव्हा काही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा होईल, पुन्हा होईल, एवढंच म्हणत राहिले. कशी होती, हेसुद्धा विचारलं नाही."

"मला सांगता आलं नसतं. दाखवू का, म्हणून विचारलं होतं तिथल्या नर्सने मला. मी नको म्हणाले. धीर झाला नाही." नमदेवालीने पुढे वाकून, जमेल तेवढं वाकून, त्या नारिंगी पोटावर हात ठेवला. "आत्ता बघतेय."

सासूबाईंनी नाक पुसलं आणि उठल्या. रडू आलं की त्यांना काम लागायचं. "ओला आहे तोवर उभा टांगायचा नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या वजनाने खाली ओढला जाईल. गच्चीवर सावलीत आडवा घालायचा, खाली टॉवेल घालून. उचला. मधे मी धरते."

"मधे मी धरते ना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही दमलात."

"हो, दमले. तरी मधे मीच."

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीच माघार घेतली नाही. शेवटी दोघींनी मधे धरलं, चार हात त्या एका वितीखाली, आणि प्लंबर दोन्ही टोकं सांभाळत जिन्यावर पुढे-मागे पळत राहिला. नमदेवाली कठड्याला धरून एकेक पायरी मागून चढली.

वर पोचल्यावर तिने धापा टाकत मेट्रनबाईंना फोन लावला. मापात मोठी गडबड झाली आहे, ती म्हणाली, पट ठरल्यापेक्षा बराच लहान झाला आहे, भिंतीवर मोकळी जागा राहील, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा.

"मापाचं राहू द्या हो," मेट्रनबाई म्हणाल्या. मागे कुठेतरी एक तान्हं पोर कळवळून रडत होतं. "आपण जरा खाली लावू, बाकावर बसलेल्यांना नीट दिसेल असा. बाळ आहे ना त्यात, ठरलं होतं तसं?"

गच्चीच्या सावलीत दोघी विहिणी टॉवेलाच्या घड्यांवरून वाद घालत होत्या आणि नवरा मधे उकिडवा बसून पटाच्या कडा सरळ करत होता.

"बाळ नाही," नमदेवाली म्हणाली. "दोन वर्षांची मुलगी आहे."